मेहुण्याची बॅग

सोमवार, ३ जुलै २०१७, अम्मान

अठरा वर्षांनी बैरूतला निघालोय! संध्याकाळपासून हातून एक काम सरळ होत नाहीये. एका नवरदेवाच्या कोटाला डावी बाही उजवीकडे लावली, आणि वर त्यालाच दटावलं की जरा नीट उभा राहा म्हणून.

झालं ते असं. दुपारी रुवैदाकडे जेवायला गेलो होतो. धाकटी असली तरी माझ्या बहिणीची जीभ कातरीसारखी चालते. तिचा नवरा फव्वाझ टाइल्स आणि नळांचा व्यापार करतो. भात घेता घेता तो सहज म्हणाला की पुढच्या मंगळवारी पाच दिवस बैरूतला जाऊन येतो. रुवैदानं पळी खाली ठेवली.

"पुन्हा बैरूत? मार्चमध्ये झालं, मेमध्ये झालं. तिथल्या न्हाणीघरांना टाइल्स पुरतच नाहीत का?"

"अगं, धंदा आहे."

"असेल. पण या वेळी एकट्यानं जायचं नाही. दादाला बरोबर घेऊन जा, नाहीतर राहू द्या."

मला वाटलं, आता फव्वाझ तोंड वाकडं करणार. छे! दोन घास सावकाश खाल्ले, मग एकदम माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "चल उस्ताद! तुझ्यासारखा माणूसच हवा होता मला."

आमच्यात बायकोचा भाऊ बरोबर असला की बायको पाय पसरून झोपते आणि शेजारणी विचारायचं बंद करतात. रुवैदानं माझ्या भरवशावर नवऱ्याला सोडलंय. छाती जरा फुगलीच माझी, खोटं कशाला सांगू.

फव्वाझ म्हणतो, तिथले एजंट दिवसा भेटतच नाहीत. सौदे सगळे रात्री, छतावरच्या क्लबांत. आणि दारावरचा माणूस कपडे बघून आत सोडतो. मागच्या खेपेला त्याच्यादेखत एका गडगंज माणसाला परत पाठवलं, का तर पायात पळायचे बूट होते. तेव्हा रात्रीच्या कपड्यांची सगळी जबाबदारी माझी. मलाही नव्या कोटांसाठी कापड बघता येईल.

गुरुवार, ६ जुलै

फव्वाझची मापं घेतली. कंबर दोन इंच उतरलीय! मी टेप दोनदा लावून बघितली. धंद्याच्या काळजीनं झिजला बिचारा. रुवैदाला सांगितलं पाहिजे, जरा तूप वाढत जा म्हणून.

एरवी हा माणूस कपड्यांच्या बाबतीत अगदी गाय. जे शिवेन ते घालतो. आज मात्र आरशासमोर अर्धा तास. शर्ट काखेशी, मुंढ्यात घट्ट हवा, विजार घोट्याशी अरुंद हवी, जॅकेट आखूड हवं. कानशिलावरचे पांढरे केसही काळे करून आलाय. मी विचारलं तर म्हणतो, "म्हातारा दिसलो की समोरचा भाव पाडून मागतो." पटलं मला. व्यापाऱ्याचं डोकं!

एकाच गोष्टीचं वाईट वाटलं. घरच्या माणसांच्या शर्टाला कॉलरच्या आत मी निळ्या दोऱ्याचे तीन टाके घालतो, दृष्ट लागू नये म्हणून. फव्वाझच्या लग्नाच्या शर्टापासून घालत आलोय. आज म्हणाला, "या वेळी टाके नकोत. कॉलर उघडी असते, दिसतं ते." दिसतं? आत असलेलं कसं दिसेल? पण गिऱ्हाईक म्हणेल ते खरं.

रविवार, ९ जुलै

यादी लिहून दिली. फव्वाझ म्हणाला, "तुझ्याच अक्षरात लिही, उस्ताद. माझं लिहिलेलं मलाच लागत नाही." इथेही उतरवून ठेवतो, पुढेमागे गिऱ्हाइकांच्या कामी येईल.

परदेशात रात्री बाहेर पडायचंय त्या पुरुषानं आधी बूट बघावेत. दारावरचा माणूस खालून वर बघत जातो, वरून खाली नाही. बूट बंद, चामड्याचे, काळे नाहीतर गडद तपकिरी, आणि महिनाभर घरात वापरून मऊ केलेले. करकरीत नवे बूट घालून नाचायला जाणं म्हणजे स्वतःच्याच पायांवर सूड उगवणं. अर्धी चड्डी, चपला आणि छातीवर अक्षरं छापलेले सदरे समुद्रावर घालावेत, रात्री असल्या वेषातल्या पुरुषाचं मी तोंडसुद्धा बघणार नाही. एका रात्रीला शर्ट दोन, एक मिरवायला आणि एक घामाला. पांढरा शर्ट दमट गावात अर्ध्या तासात चुगली करतो, काळा आणि गडद निळा गप्प राहतात. विजार काळी, एकच पुरे, रोज उलटी करून टांगली तर तीन रात्री निभावते. जॅकेट बिनअस्तराचं, हलक्या लोकरीचं. तागाचं मुळीच नको, टॅक्सीतून उतरेपर्यंत कोणी चघळून टाकल्यासारखं होतं. भरताना जॅकेट उलटं करायचं, एक खांदा दुसऱ्या खांद्यात खुपसायचा, मध्ये मोज्यांच्या गुंडाळ्या. हॉटेलात पोचल्या पोचल्या न्हाणीघरात गरम पाणी सोडून वाफेत टांगायचं, इस्त्री लागत नाही. अत्तर लहान बाटलीत, आणि लावायचं कोटाच्या आत, मानेवर ओतायचं नाही. पाकीट मागच्या खिशात कोंबणाऱ्यानं माझ्याकडे विजार शिवायला येऊच नये.

आणि तरुणपणी बैरूतच्या बुर्ज हमूद वस्तीत मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते उस्ताद हाकोप सांगायचे ते शेवटचं. एवढं सगळं करूनही बरोबर बाई नसेल तर दारातून परत. नुसत्या पुरुषांच्या टोळक्याला तिथं कोणी आत घेत नाही.

फव्वाझ खो खो हसला. "ते मी बघतो," म्हणाला.

बॅग मी स्वतः भरली, रुवैदा घड्या घालायला बसली होती. त्याची बॅग टाइल्सच्या नमुन्यांनी भरली, म्हणून दोन काळे शर्ट आणि अत्तर माझ्या बॅगेत घेतलं. रुवैदानं यादी उचलून वरपासून खालपर्यंत वाचली.

"दादा, या यादीत दिवसा घालायचं काहीच नाहीये."

"दिवसाचं काय गं! दिवसा कोणीही काहीही घालतं."

ती हसली नाही. कागद घडी घालून माझ्या हातात दिला आणि चहा टाकायला उठली. प्रवासाच्या आदल्या दिवसांत बायका अशाच हळव्या होतात.

निघताना फव्वाझनं बजावलं, तिथं मला अबू यझन म्हणून हाक मारू नकोस. थोरल्या पोराच्या नावानं बापाला हाक मारायची ही आपली रीत बैरूतच्या लोकांना गावंढळ वाटते म्हणे. अकरा वर्षं ज्याला यझनचा बाप म्हणून हाक मारली, त्याला नुसतं नावानं बोलवायचं? जीभ वळता वळणार नाही माझी. बघू.

बुधवार, १२ जुलै, बैरूत

हॉटेल हमरा भागात. खोल्या दोन घेतल्यात, कारण मी घोरतो असं फव्वाझचं म्हणणं. मी घोरतो? मला तर कधी ऐकू आलं नाही.

काल रात्री समुद्राकडच्या एका उंच इमारतीपाशी गेलो. छतावरून ढोल बडवल्यासारखं संगीत. खाली दोरी लावलेली, दोरीपाशी एक दांडगा माणूस हातात नावांची यादी घेऊन. मी करड्या सुटात, इस्त्री अशी की कडेनं बोट कापावं. त्यानं आमच्या बुटांकडे बघितलं, मान डोलावली. मग आमच्या मागे बघितलं.

"दोघंच? बायकामंडळी कुठायत?"

"येतायत," फव्वाझ म्हणाला.

मला कळेना कोण येतंय. तेवढ्यात टॅक्सीतून एक मुलगी उतरली. तिशीची असेल, हिरवा रेशमी झगा, कापड उत्तम, शिलाई बरी. हसत आली आणि तिनं फव्वाझच्या दंडावर हात ठेवला. फव्वाझनं मला बाजूला घेतलं. ही दानिया, एजंटची मुलगी, बैरूतचं काम सगळं तीच बघते. "एका बाईमागे एकच पुरुष सोडतात, उस्ताद. तू जाऊन झोप. सौद्याचं बोलणं आहे, तुला कंटाळा येईल."

त्या दांडग्यानं फव्वाझच्या जॅकेटच्या खांद्याकडे नजर टाकली आणि दोरी बाजूला केली. एका शब्दानं विचारलं नाही. माझ्या शिवलेल्या खांद्यावर नजर टाकून दोरी सोडली त्यानं! मी तिथंच रस्त्यावर उभा राहून एकटा हसत होतो. मग समुद्राकडेनं चालत आलो, भाजलेलं कणीस खाल्लं, खूप दिवसांनी इतका आनंद झाला.

गुरुवार, १३ जुलै

आज दुपारी समुद्राकाठी जेवण. दानिया आणि तिची आई. फव्वाझनं मला चांगला सूट घालायला लावला, दाढी करून घे म्हणाला. आणि ओळख काय करून दिली? "हा नझमी. माझा मोठा भाऊ. वडिलांच्या जागी आहे मला." डोळ्यांत पाणीच आलं माझ्या. बायकोच्या भावाला चारचौघांत असं म्हणायला मन मोठं लागतं.

आई मूळच्या आमच्या सरहद्दीला लागून असलेल्या दरआ गावच्या, लग्न होऊन इकडे आलेल्या. रीतिभाती सगळ्या आमच्यासारख्याच, त्यामुळे बोलायला मोकळं वाटलं. त्यांनी बरंच विचारलं. घर स्वतःचं आहे का, आई आहे का, घरच्यांना सगळं सांगितलंय का.

"सांगितलंय म्हणजे? सगळे खूश आहेत हो," मी म्हणालो. "फव्वाझसारखा माणूस दिवा घेऊन शोधलात तरी मिळणार नाही."

माऊली डोक्यावरच्या रुमालानं डोळे टिपायला लागली. टाइल्सच्या सौद्यात बाई एवढी हळवी कशी होते, मला नवल वाटलं. नवरा वारलाय, कदाचित त्याची आठवण आली असेल.

जेवण झाल्यावर कॉफी आली. माझं पित्त चार दिवस खवळलंय, म्हणून मी पेला समोर तसाच राहू दिला. झालं! बाईंचं लक्ष त्या पेल्यावर. फव्वाझ बाईंकडे बघतोय, दानिया खाली मान घालून. आमच्याकडे मुलगी मागायला गेलेला वडीलधारा माणूस होकार मिळेपर्यंत कॉफीला हात लावत नाही. जुने लोक मोठ्या सौद्यातही तसंच करतात. मला वाटलं, या बाई मला तसलं जुनं खोड समजल्या. मी सांगणार होतो की अहो पित्त आहे, पण त्याच आधी बोलल्या.

"घ्या, कॉफी घ्या. आमच्याकडून होकार समजा."

आता नाही कसं म्हणायचं? पित्त गेलं खड्ड्यात, एका घोटात प्यायलो. बाईंनी जिभेनं आनंदाची लकेर काढली, आजूबाजूची टेबलं वळून बघायला लागली. फव्वाझनं उठून मला मिठी मारली. मग मला दानिया आणि तिच्या आईच्या मध्ये बसवून त्यानं फोटो काढला. "तू फोटोत नको?" मी म्हटलं, तर म्हणतो, "मी काढतोय ना."

सौदा मोठा असणार. रुवैदाला एखादा गोफ आणायला सांगतो त्याला.

शुक्रवार, १४ जुलै

पोट बिघडलंय. कॉफीचा प्रताप. नमाज पढून आलो, फव्वाझ दुपारी तीनपर्यंत झोपून. कापडाच्या दुकानात एकटाच गेलो, मनासारखं काही दिसलं नाही. सूत हातात घेतलं तरी लक्ष लागेना. काल बाईंनी आईबद्दल का विचारलं? टाइल्स विकायला आईची परवानगी लागते का?

जास्त विचार करायचा नाही असं ठरवलंय.

शनिवार, १५ जुलै

हे पान तिसऱ्यांदा लिहितोय, आधीची दोन फाडली.

सकाळी खाली हॉटेलच्या बैठकीत बसलो होतो. दानिया आली, समोर बसली आणि म्हणाली, "काय भावोजी, एकटेच?"

मी मागं वळून बघितलं, हिचा भावोजी कोण म्हणून. मागं भिंत होती.

तिनं फोन काढून माझ्यापुढे धरला. माझी यादी. माझ्या अक्षरातली, फोटो काढलेली. "फव्वाझनं मला पाठवली. इतकी हसले मी! पण सगळं पुरुषांचंच लिहिलंयत. साखरपुड्यानंतर रात्री छतावर पार्टी आहे, आम्ही बायकांनी काय घालायचं तेही लिहून द्या ना."

"कोणाचा साखरपुडा?"

तिला वाटलं, मी चेष्टा करतोय. हसायला लागली. मग माझ्या तोंडाकडे बघून हळूहळू थांबली.

समजुतीनं सांगितलं असं लिहायला आवडलं असतं. नाही सांगितलं. एका दमात ओकलो. "त्याला आमच्याकडे सगळे अबू यझन म्हणतात. यझन अकरा वर्षांचा आहे. त्याच्या पाठीवर दोन मुली आहेत. त्यांची आई माझी बहीण आहे. मी त्याचा भाऊ नाही, मेहुणा आहे."

पोरगी रडली नाही, ओरडली नाही. बराच वेळ टेबलावरचा साखरेचा डबा उघडत आणि मिटत राहिली.

"परवा तुम्ही माझ्या आईसमोर कॉफी प्यायलात," ती म्हणाली.

"मला वाटलं, टाइल्सची..."

"प्यायलात तुम्ही. तिनं काल सगळ्या नातेवाइकांना फोन केलेत."

ती उठली, पर्स उचलली आणि गेली. एक शब्द खोटा असेल का असं तिनं विचारलंसुद्धा नाही. परक्या मुलीनं माझ्यावर विश्वास ठेवला.

वर गेलो. फव्वाझ नुकता उठून टॉवेल गुंडाळून दाढी करत होता. मी दारातूनच म्हणालो, "सांगितलं तिला."

त्याचा वस्तरा थांबला. मग त्यानं शांतपणे उरलेला गाल पुरा केला. तो शांतपणा मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"बरं. आणि रुवैदाला काय सांगणारेस?"

"खरं ते सांगणार! नीच माणसा, पंधरा वर्षं तिनं तुझं घर सांभाळलं, आणि तू माझ्याच तोंडानं दुसरी मुलगी मागितलीस? माझ्या? तिच्या भावाच्या?"

"मागायला कोण बसलं होतं? फोटोत कोण आहे? रात्रीच्या कपड्यांची यादी कोणाच्या हातची आहे? अत्तर आणि काळे शर्ट कोणाच्या बॅगेत आहेत?" त्यानं तोंड पुसलं. "तुला कापडापलीकडे काही दिसत नाही, उस्ताद. म्हणून तर तुला बरोबर आणलं."

शिव्या दिल्या, हव्या तेवढ्या दिल्या. बुर्ज हमूदमध्ये शिकलेल्या सगळ्या. मग खुर्चीवरचं त्याचं जॅकेट उचललं, फाडून टाकायला. दोन्ही हातांनी ओढलं. शिवण उसवली नाही. माझीच शिलाई, कशी उसवेल! तसंच टाकून खोलीबाहेर आलो. संध्याकाळच्या विमानाचं तिकीट बदलून घेतलंय. एकटा जाणार आहे.

मीच त्याला सजवला. मुंढे घट्ट केले, कंबर बसवून दिली, बॅग भरून दिली. बहिणीच्या सवतीसाठी नवरदेव मी तयार केला, आणि वर तो दोरीपलीकडे गेला तेव्हा रस्त्यावर उभा राहून हसलो. थू माझ्या तोंडावर.

रविवार, १६ जुलै, अम्मान

रुवैदानं दार उघडलं नाही. पायांचा आवाज येत होता, ती दाराला टेकून उभी होती. मी हळू आवाजात सगळं सांगितलं, जिन्यात शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून.

"त्यांचा काल फोन आला," ती आतून म्हणाली, मोठ्यानं. "फोटो पण पाठवलाय. मुलगी तुझ्यासाठी बघायला गेला होतात. मुलीकडच्यांनी चौकशी केली आणि तुला नाकारलं. आता स्वतःची लाज झाकायला माझ्या मुलांच्या बापावर चिखल उडवतोयस?"

"रुवैदा, अगं मी तुझा दादा..."

"चव्वेचाळीस वर्षांचा घोडा, आणि परक्या पोरीशेजारी बसून दात काढतोय! जा घरी."

वरच्या मजल्यावरची बाई कठड्यावरून वाकून ऐकत होती. रुवैदाला ते दारामागून दिसत नव्हतं, पण तिला ठाऊक असणार. इतक्या मोठ्यानं ती कधीच बोलत नाही.

फोटोत मी खरंच हसतोय. काय करू?

बुधवार, १९ जुलै

तीन दिवस दुकान उघडून नुसता बसलोय. दोन नवरदेवांच्या बापांनी सुटांची कापडं परत नेली, शिवणारा दुसरा बघतो म्हणाले. बातमी कशी फिरते बघा! एकानं जाता जाता डोळा मारला. तो डोळा मारणारा जास्त लागला मनाला.

आज दुपारच्या नमाजाच्या वेळी, गल्ली रिकामी असताना, रुवैदा आली. मागचं दार लावून घेतलं तिनं. मी उठलो, मला वाटलं, आली माझी बहीण, आता गळ्यात पडून रडेल. मी पण रडायला तयार होतो.

ती स्टुलावर बसली. "दादा, तू खरं बोलतोयस. मला माहीत आहे."

"मग दारातून..."

"मला मार्चपासून माहीत आहे."

मार्च! तेव्हा मी तिला यझनच्या वाढदिवसाचा शर्ट दाखवायला गेलो होतो आणि ती दिवसभर कांदे चिरत बसली होती.

"माहीत होतं तर मला का पाठवलंस? मी त्याला अडवीन म्हणून?"

"अडवणारा माणूस आहेस का तू?" तिनं हे प्रेमानं विचारलं, तेच वाईट. "बैरूतला अर्धं अम्मान फिरायला जातं. आज ना उद्या कोणीतरी बघणारच होतं, टाइल्सवाला फव्वाझ एका मुलीबरोबर म्हणून. बघितलं तर म्हणायला बरोबर आणखी एक पुरुष हवा होता."

मला समजायला वेळ लागला. मी तेवढा हुशार नाही हे आता सगळ्यांनाच कळलंय.

"म्हणजे मी."

"तू एकटा आहेस, दादा. एकट्या पुरुषाचं लोक आठ दिवसांत विसरतात. माझ्या दोन मुली आहेत. उद्या त्यांना मागणी घालायला माणसं येतील, तेव्हा बापाचं नाव विचारतील. मामाचं कोणी विचारत नाही."

"आणि तो? परत जाणार नाही कशावरून?"

"ती मुलगी आता त्याला दारात उभं करणार नाही. ते काम तू केलंस. उपकार झाले तुझे."

उपकार! फव्वाझनं फसवलं ते मी समजू शकतो. परक्याचं पोर. पण हिला मी खांद्यावरून शाळेत नेलंय. तिनं मला त्याच्याबरोबर पाठवलं तेव्हा तिला ठाऊक होतं की माझं काय होणार. माझ्या चहात साखर ढवळत होती आणि तिला ठाऊक होतं. मी बोललो असतो बरंच. सुईत दोरा ओवत राहिलो.

उठताना तिनं सांगितलं, शुक्रवारी जेवायला सासरे येतायत. त्यांच्या कानावर गेलंय. "तू ये आणि त्यांच्यासमोर एवढंच म्हण, चूक झाली. मग मिटलं सगळं."

"नाही आलो तर?"

"तर मग ते खरं शोधायला बैरूतला फोन करतील," ती म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "तुझ्या पाया पडते, दादा."

पाया मात्र पडली नाही. डोक्यावरचा रुमाल सारखा करून गेली.

शुक्रवार, २१ जुलै

गेलो होतो.

फव्वाझचे वडील भिंतीला टेकून बसले होते, फव्वाझ त्यांच्या शेजारी, निळ्या शर्टात. मी शिवलेला नव्हता. रुवैदानं मटणभाताचं ताट मध्ये आणून ठेवलं, वर दह्याचा रस्सा ओतला. हात जराही हलला नाही तिचा.

म्हातारा जेवायला सुरुवात करेना. माझ्याकडे बघत राहिला. सगळेच बघत होते.

"चूक झाली," मी म्हणालो.

"कोणाची?" म्हाताऱ्यानं विचारलं. त्याला गोलमोल चालत नाही, कधीच चालत नव्हतं.

फव्वाझ चटईच्या दोऱ्या उपटत होता. मी रुवैदाकडे बघितलं. ती दारात रश्श्याचं भांडं धरून उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावर मी इतकी भीती याआधी आयुष्यात एकदाच बघितली होती.

"माझी," मी म्हणालो. "मुलगी मीच बघायला गेलो होतो. फव्वाझचा काही संबंध नाही."

"बस्स," म्हातारा म्हणाला. "माणसाचं पाऊल घसरतं. जेवा आता." फव्वाझनं सगळ्यात मऊ मटणाचा तुकडा आपल्या हातानं तोडून माझ्यापुढे ठेवला, पाहुण्याला ठेवतात तसा. मी खाल्ला. दोनदा भात घेतला. भूक लागली होती, तीन दिवस धड जेवलो नव्हतो.

निघताना रुवैदा जिन्यापर्यंत आली. पुढच्या शुक्रवारी लवकर ये म्हणाली. मी हो म्हणालो.

घरी येऊन बसलो तेव्हापासून वडील गेले तो दिवस डोळ्यांसमोर आहे. मी सतरा वर्षांचा, ती नऊ. माणसांनी घर भरलेलं, आणि ती पलंगाखाली जाऊन बसलेली, बाहेर यायला तयार नाही, आता आपल्याला कोण आहे म्हणून. मी जमिनीवर आडवा पडून तिला म्हणालो होतो, मी आहे ना, घाबरतेस कशाला? कोणी काही बोललं तर सरळ माझं नाव सांग.

तिनं सांगितलं.